इंदूचा पथ्याचा डबा

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी सेंथिलचा फोन. इंदूला मुलगा जाहला. सिझेरियन. दोघंही बरी आहेत म्हणाला. मागे कुणीतरी नर्सला हाका मारत होतं.

"बरवं जाहलं," म्हटलं नि फोन ठेवला.

हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. सांगितलं. यांनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा उलटलं.

शेजारच्या सरसामामींना सांगायला गेले आणि मध्येच अडले. "आमच्या सुनेला" म्हणावं तर ती आता दुसऱ्या घरची. "मुरळीच्या बायकोला" म्हणावं तर आमचा मुलगा मुरळी जाऊन चार वर्षं होत आली, आणि तिचं सेंथिलशी लग्न होऊनही दीड वर्ष जाहलं. शेवटी नुसतं "इंदूला" म्हटलं. मामी म्हणाल्या, "आपल्या इंदूला?" मी मान हलवली. त्यांना काय समजायचं ते समजल्या असतील.

दुपारी तांदूळ निवडले. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

२० जानेवारी

यांची बी.पी.ची गोळी संपली होती, आणली. परसात केळ व्याली आहे, घड वाकला आहे. टेकू लावायला माणूस बोलवायला हवा.

बाकी काही नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सेंथिल आला. या घरात पहिल्यांदाच. त्याचं नि इंदूचं लग्न देवळात जाहलं तेव्हा मी एकटी गेले होते. हे गेले नाहीत. त्या दिवशीही हे झोपाळ्यावरच होते.

इंदूच्याच शाळेत पी.टी. सर आहे तो. उंच माणूस, पण दारापुढच्या ओट्यावर अगदी कडेला टेकला, उठायला सोपं जावं तसा. कॉफी दिली. प्याला. मग तमिळमध्ये, खाली बघत, म्हणाला, त्याची आई गावाहून आली आहे, सगळं तीच करते आहे, पण त्यांच्याकडे बाळंतिणीला मासे. दूध यायला बारका शार्क उकडून, कुस्करून देतात, सुकी मासळी देतात. इंदूला ते चालत नाही. वासानेच उलटी होते. ब्रेड आणि दुधावर आहे. आईला राग येतो, आई म्हणते मग मी करू तरी काय.

"तिने पाठवलं नाही मला. मीच आलोय. अम्मा, तुम्ही जर..."

कप खाली ठेवला त्याने.

इंदूला आई नाही. ती लहान असतानाच गेली. कुंभकोणमच्या मामाने वाढवली. तेव्हा हे करायचं तर मीच. दुसरं कोण.

"शनिवारपासून आणते," म्हटलं.

तो गेल्यावर हे आतून बाहेर आले. "कोण होतं?"

"सेंथिल."

"हं."

कप विसळून ठेवला.

२३ जानेवारी, शुक्रवार

कीळवासलच्या बाजारात गेले. औषधी मुळ्यांच्या दुकानात सुंठ, पिंपळी, ओवा, कडुनिंबाचा वाळका मोहर, सुंडक्काईचे वत्तल, म्हणजे ती बारकी कडू फळं वाळवलेली. तो म्हातारा दुकानदार नुसतं सामान ऐकूनच समजतो. "पहिलटकरीण?" म्हणाला. हो म्हटलं. त्याने हिंगाचा एक खडा जास्तीचा टाकला.

दुपारभर भाजत होते. सुंडक्काई तेलावर काळी होईपर्यंत. मोहर मंद, नाहीतर कडू होतो. तसा तो कडूच, पण जळका कडू वेगळा. मिरी, जिरं, सुंठ. मग सगळं मिक्सीत. पहिल्या घासाला गरम भातावर ही पूड आणि तूप, की पोट आवळतं आणि वात धरत नाही. मुरळीच्या वेळी माझ्या आईने केली होती. त्यानंतर या घरात कुणासाठी करावी लागली नाही.

मला वाटलं होतं, प्रमाण आठवणार नाही. हाताने आपोआप घेतलं. मी बघत होते नुसती.

२४ जानेवारी, शनिवार

पहाटे लसूण सोलला. आमच्याकडे लसूण एरवी घरात येत नाही. येतो तो बाळंतिणीसाठीच, आणि म्हणून तिळाच्या तेलात तो तडतडला की सगळ्या गल्लीला कळतं. राजवाड्याच्या मागची ही आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत. सरसामामी खिडकीतून म्हणाल्या, "काय गं, कोळंबू का?" पलीकडून आणखी कुणी पुसलं, "कोणाचं बाळंतपण?" उत्तर मामींनीच दिलं. काय दिलं ते ऐकू आलं नाही.

लसणाचं कोळंबू, म्हणजे चिंचेचं दाट कालवण, मऊ भात, शेवग्याच्या पाल्याची मुगडाळ घालून भाजी, मिरीचं सार, एका वाटीत पूड, एका वाटीत तूप. चार खणांचा कॅरियर. बसने गेले. हौसिंग बोर्डाच्या मागे घर, वरचा मजला.

सेंथिलची आई दारात. मंगै नाव. माझ्याच वयाच्या, जाड, गुडघ्यांनी अधू. "वांगो," या, म्हणाल्या, पण दारातून बाजूला व्हायला वेळ घेतला. कॅरियर हातातून घेतला, एकेक झाकण उघडून वास घेतला. "लसूण घातलात," म्हणाल्या. जरा नवल वाटलं असावं.

इंदू भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी हाक मारली तशी वळली. "अम्मा," म्हणाली. मग तमिळमध्ये काहीतरी, मग मराठीत, "तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब."

अर्धा भात खाल्ला. बाळ साडीच्या पाळण्यात निजलं होतं. वरून डोकं दिसलं. केस पुष्कळ.

बसला गर्दी. उभ्याने आले.

२६ जानेवारी

शाळेच्या झेंड्याला सेंथिल गेला होता. मंगै आणि मी स्वयंपाकघरात. त्या त्यांच्यासाठी मासे करत होत्या, मी कॅरियरमधलं ताटात काढत होते. एकाच ओट्यावर. त्या म्हणाल्या, "तुम्हांला वास सहन होतो?" होतो म्हटलं. खरं तर वास आला की नाही तेच लक्षात नव्हतं.

इंदूने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. बाळ रडत होतं. ती छताकडे बघत होती. मंगैंनी बाळ आणून तिच्या अंगाशी लावलं तेव्हा तिने पदर बाजूला केला, पण बघितलं नाही. बाळ ओढून ओढून दमलं.

"दूध कमी आहे," मंगै मला म्हणाल्या, "मासे खाल्ले असते तर." मग माझ्याकडे बघितलं.

२८ जानेवारी

हे म्हणाले, "घरभर वास मारतो."

"खिडकी उघडते."

"मी तक्रार करत नाही. सांगतो."

कॉलेजात गणित शिकवायचे हे. बोलणंही तसंच, एका ओळीत एक पायरी. मुरळी गेल्यापासून पायऱ्याही कमी जाहल्या. इंदू दोन वर्षं आमच्यापाशी राहिली तेव्हा हे तिच्याशी नीट बोलायचे, तिच्या शाळेचे पेपरसुद्धा तपासून द्यायचे. तिने पुन्हा लग्न करावं असं मीच धरून बसले. तेवीस-चोविसाव्या वर्षी सासूसासऱ्याचं घर धरून काय करणार ती. यांना पटलं होतं की नाही, ठाऊक नाही. लग्न ठरल्यावर यांनी तिचं नाव घेणं सोडलं ते आजतागायत.

संध्याकाळी ओट्यावर कागदाची पुडी दिसली. सुंडक्काईचे वत्तल. मी आणले नव्हते. पुसलं नाही. डब्यात भरले.

३० जानेवारी, शुक्रवार

मंगै देवळात गेल्या होत्या. इंदू उठून बसली होती, भिंतीला टेकून. मी भात कालवत होते.

"अम्मा, एक सांगू? कोणाला सांगू नका."

"सांग."

"तो रडतो ना, तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी मूल रडतंय असं वाटतं. उठावंसंच वाटत नाही. काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात बघ किती गोड. मी बघते. काही नाही." मग, "मी वाईट आहे का?"

"नाही."

"मुरळी गेले तेव्हा तुम्ही रडला नाहीत. बाया बोलायच्या तुमच्या पाठीमागे. मी ऐकलंय."

"मीही ऐकलंय."

"तेव्हा काय वाटत होतं तुम्हांला?"

"काही नाही."

"आणि आता?"

मी भातावर कोळंबू वाढलं. "जेव आता," म्हटलं. जेवली. पुष्कळ जेवली आज.

मुरळीला डेंगूने नेलं. तीन-चार दिवसांत आटोपलं सगळं. त्यानंतर मी घराची सगळी कामं केली, तेराव्याचा स्वयंपाकसुद्धा बाहेरच्यांना नीट सांगितला, मीठ कुठे कमी ते चाखून सांगितलं. लोक म्हणाले, धीराची बाई. मला कुणी कुठल्या डॉक्टरला दाखवलं नाही. कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या फाटकाशी सेंथिलला गाठलं. गळ्यात शिटी होती. तसाच बाहेर आला. म्हटलं, इंदूला डॉक्टरकडे ने. पोटाच्या टाक्यांसाठी नाही, मनासाठी. बाळंतपणात होतं असं पुष्कळांना, औषध असतं त्याला. थांबू नकोस.

"आई म्हणते दृष्ट लागली. रोज मिरच्या ओवाळते."

"ओवाळू दे. पण डॉक्टरकडे ने."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मी आवडत नाही म्हणून तशी आहे ती."

मुलगा चांगला आहे. मी त्याच्या दंडावर थोपटलं. माझा हात मला लाकडाचा वाटला, पण थोपटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

दाराशीच अडवलं.

मंगै बाहेर जिन्यात येऊन उभ्या होत्या. आत बायकांचे आवाज; त्यांच्या गावाहून नातेवाईक आलेले. मंगै हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, रागवू नका. बोलायला मला बरं वाटत नाही. पण आतल्या बायकांचं म्हणणं, ज्या घरचा कर्ता मुलगा गेला त्या घरचं अन्न बाळंतिणीच्या पोटात नको. दूध येत नाही, पोरगी बोलत नाही, त्याचं कारण तेच म्हणतात. तुम्ही वाईट आहात असं नाही."

"बरं."

"थोडे दिवस नको. मग बघू."

"आजचं ठेवू का? केलंय ते?"

त्यांनी कॅरियरकडे बघितलं. "नको," म्हणाल्या. डोळ्याला पदर लावला त्यांनी. मला काही लावावं लागलं नाही.

बसमध्ये सार सांडलं साडीवर. शेजारची बाई म्हणाली, "वास छान येतोय. कोण बाळंतीण?" कुणी नाही म्हटलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी यांनी भरलेला कॅरियर बघितला. मी ताट वाढून घेतलं आणि तेच जेवले. पूड कालवलेला भात, लसणाचं कोळंबू, शेवग्याचा पाला. बाळंतिणीचं सगळं जेवण, अठ्ठावन्नाव्या वर्षी. मिरी घशाला लागली.

५ फेब्रु.

कपडे. केळीला टेकू लावला. माणसाने आधी बांबू आखूड आणला, तो परत पाठवला.

६ फेब्रुवारी

इंदूचा फोन नाही. मीही केला नाही. पहाटे उठून लसणाची टोपली पुढ्यात घेऊन बसले आणि अर्ध्या गड्ड्या सोलून जाहल्यावर आठवलं की न्यायचं नाही.

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आज जायचं नाही?"

"नको म्हणाले ते."

"कोण ते?"

सांगितलं. मंगै जे बोलल्या ते सगळं, तशाच शब्दांत. यांचा चेहरा बदलला नाही. परसात गेले. बऱ्याच वेळाने बघितलं तर केळीजवळ उभे, टेकूच्या बांबूवर हात ठेवून. टेकू पक्का आहे की नाही ते बघत असतील.

९ फेब्रुवारी, सोमवार

मंगै आल्या.

अकराच्या सुमाराला ऑटो थांबली. दार यांनी उघडलं. मी परसातून ऐकलं, "या. पायरी उंच आहे, सावकाश चढा." इतकी वाक्यं यांनी परक्या माणसाशी किती दिवसांनी बोलली.

मंगै स्वयंपाकघरातच आल्या थेट. धाप लागलेली. म्हणाल्या, "मी तिथे बोलले ते तिथे ठेवून आलेय. नातेवाईक गेले. पोरीने काही खाल्लं नाही, तुम्ही येईनाशा जाहल्यापासून. मी इडली करून दिली, तीही नाही. मला शिकवा तुमचं हे."

मी काही म्हणायच्या आत यांनी बाहेरची प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. "गुडघ्यांना खाली बसवणार नाही त्यांना," म्हणाले आणि गेले.

तर त्या खुर्चीवर, मी पाटावर. लसूण सोलला दोघींनी. त्यांची बोटं झरझर चालतात. मला लसणाची तेवढी सवय नाही, सालं नखात जात होती. कोळंबूला चिंच किती, तेल किती, गूळ का घालायचा नाही, सगळं सांगितलं. त्या तोंडातल्या तोंडात म्हणून घेत होत्या. पूड चाखून म्हणाल्या, "अय्यो, हे पोरगी खाते?" खाते म्हटलं. "मग ती धीट आहे."

हात धुवायला उठल्या तेव्हा खोलीतला फोटो दिसला त्यांना. चंदनाचा हार घातलेला.

"हाच?"

"हाच. मुरळी."

बराच वेळ बघत होत्या. "नाक तुमचं आहे."

चार वर्षांत मुरळीचं नाक कसं होतं ते कुणी काढलं नव्हतं. तो कसा गेला, किती चांगला होता, हेच सगळे. मी आरशाकडे गेले नाही, पण हात नाकाकडे गेला माझा.

त्या पुन्हा बसल्या. लसूण घेतला. म्हणाल्या, "माझीही एक गेली. सेंथिलच्या आधीची. मुलगी. नाव ठेवायच्या आधीच. त्यानंतर माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला मला दारातून परत लावलं, ह्याच माणसांनी. ह्याच तोंडाने."

"आणि तरी..."

"आणि तरी मी जिन्यात उभी राहून तुम्हांला तेच बोलले. बघा."

कोळंबूला तेल सुटलं होतं. गॅस मी बंद केला.

त्यांच्याबरोबरच ऑटोने गेले. इंदूने मला बघितलं आणि "भूक लागलीय" म्हणाली. एवढंच.

रात्री जेवताना हे म्हणाले, "ती बाई सरळ आहे."

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे इंदूला नेऊन आणलं सेंथिलने. मी घरी बाळापाशी मंगैंसोबत थांबले. औषध दिलं आहे, पाजताना चालेल असं. बोलायला पुन्हा बोलावलं आहे. डॉक्टरीण म्हणाल्या म्हणे, लवकर आणलंत. मंगैंनी पुसलं, "मिरच्या ओवाळल्या तर चालेल का पुसलंस?" सेंथिल हसला. त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. दात पुढे आहेत थोडे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आता एक दिवस मी नेते, एक दिवस मंगै तिथेच करतात. त्यांचं कोळंबू तिखट होतं. फोनवर पुसतात, "अक्का, तेल सुटलं, आता?" आता बंद करा, मी म्हणते.

आज मी मेतकूट-भात नेला होता. इंदू म्हणाली, "मीठ कमी आहे, अम्मा."

चाखून बघितलं. खरंच कमी होतं.

बाळ दूध ओढतं आता नीट. तिने आज त्याचं नख कापलं. कापताना श्वास धरून होती. नंतर मला म्हणाली, "मुठी बघा, सोडतच नाही." फार काही आनंदाने नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं तशी.

पण म्हणाली.

१८ फेब्रुवारी

घरी आल्यावर यांनी पुसलं, "कसा आहे?"

कोण, ते मी पुसलं नाही. "बरा आहे. वजन वाढलं."

"आणि ती?"

"जेवते."

झोपाळ्याची कडी वाजत होती. तेल घालायला हवं तिला. यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "मुरळीचं मूल असतं तर," म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत. मीही काही घातलं नाही त्या वाक्यात. हे मी देवनागरीत लिहिते, माझ्या वडिलांनी शिकवली म्हणून. यांना मराठी बोलता येते पण लिहायची-वाचायची ती तमिळ अक्षरात. तरी पुढची ओळ लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाठीत उसण भरली माझ्या. कॅरियर उचलून बस धरवेना. हे शर्ट घालून आले आणि स्कूटरची किल्ली घेतली. "पुढे ठेव तो पायाशी," म्हणाले.

मागे बसून गेले. किती दिवसांनी बसले. जुन्या बसस्टँडजवळ यांनी खड्डा चुकवला नाही, सार हिंदकळलं.

हौसिंग बोर्डाच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीशी थांबवली. "मी इथे आहे."

"वर या. पाणी तरी."

"इथे आहे."

मी एकटी वर गेले. खाली आले तेव्हा तिथेच, चहाही घेतला नव्हता.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजही यांनीच सोडलं. कोपऱ्यावर नाही, समोरच्या कडुनिंबाखाली थांबले आज. तिथून घराची खिडकी दिसते.

सेंथिल मंगैंना घेऊन दुकानात गेला होता, पाळण्याला नवी दोरी हवी म्हणून. घरात इंदू आणि मी. ती जेवायला बसली. बाळ कुरकुरायला लागलं, तिचे हात भाताचे. "घ्या ना त्याला," म्हणाली.

इतके दिवस जाते आहे; घेतलं नव्हतं मी. कुणी दिलं नाही असं नाही. मंगैंनी एकदा पुढे केलं होतं, तेव्हा माझ्या हातात पातेलं होतं. ते खाली ठेवता आलं असतं.

घेतलं. डोकं कोपरात आलं, तसं गप्प जाहलं. गरम होतं. तेलाचा वास. मी वाट बघत बसले. म्हणजे आता काहीतरी होईल, छातीत, कुठेतरी. बाळ माझ्याकडे बघत होतं, म्हणजे माझ्या कुंकवाकडे. काही जाहलं नाही. हाताला मुंग्या यायला लागल्या. मग मनगटापासून खांद्यापर्यंत हातच नाहीसा जाहला. मी तो बदलला नाही. झोपेला आलं होतं ते.

इंदू जेवता जेवता म्हणाली, "मंगै अत्तै पुसत होत्या, हा तुम्हांला काय म्हणेल मोठा जाहल्यावर. आजी त्या, पाट्टी. मग तुम्ही कोण?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्हांलाच पुसते."

मी बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले. ती मग खाली बघून जेवली. ताट रिकामं केलं. हात धुतले, खिडकीशी गेली. पडद्याची कड धरून उभी राहिली.

"अम्मा, खाली कोण उभं आहे? अप्पा आहेत?"

"हो."

"केव्हापासून?"

"शुक्रवारीही होते."

"उन्हात?"

"झाड आहे."

तिने पदर सारखा केला. पोटावर हात धरून, टाक्यांच्या बाजूने जरा वाकून, दाराकडे निघाली. मी म्हटलं, जिना उतरू नकोस, मी जाते. ती म्हणाली, "तुम्ही बसा. तो उठेल." दार उघडून बाहेरच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. माझ्या जागेवरून तिची पाठ दिसत होती, वेणी सुटलेली, आणि कठड्याच्या गजांमधून खाली कडुनिंब, स्कूटर, यांचा पांढरा शर्ट. हे पाठमोरे होते, रस्त्याकडे तोंड करून.

तिने श्वास घेतला ते खांद्यांवरून कळलं. तेवढ्यात बाळ जागं होऊन रडायला लागलं, इतक्या मोठ्याने की तिने हाक मारली की नाही, ते मला ऐकू आलं नाही.